मोपाला उतरून चिपीहून परत: दक्षिण कोकणचे पाच दिवस

दक्षिण कोकणात विमानाने जाणाऱ्याला आज तीन दरवाजे आहेत. दोन गोव्यातले, मोपा आणि दाबोळी. तिसरा सिंधुदुर्गातला, परुळ्याजवळचे चिपी. बहुतेक जण तिकिटाचा आकडा पाहून यातला एक निवडतात आणि उतरल्यावर टॅक्सीच्या रांगेत उभे राहून अंतराचा हिशेब करू लागतात. तो हिशेब आधी करायचा असतो. आपले गाव किनाऱ्यावर नेमके कुठे आहे, विमान किती वाजता टेकते आणि महिना कोणता, या तीन गोष्टींवर विमानतळ ठरवावा. भाडे त्यानंतर.

पुढचा दौरा एप्रिलअखेरचा, मुक्काम मालवणचा. मुंबईकर मोपाला उतरतात, पुणेकर चिपीला, बेंगळुरूकडचे दाबोळीला, आणि सगळे कुडाळात भेटतात. तिघांचे अनुभव शेजारी ठेवले की कोणती वाट कुणासाठी हे आपोआप कळते.

निघण्याआधी

सर्वात महाग पडणारी चूक तिकीट काढतानाच होते. संकेतस्थळावर ‘गोवा’ टाकले की दोन्ही विमानतळांची विमाने एकाच यादीत येतात. मोपाचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. दोघांमध्ये रस्त्याने साधारण सत्तर किलोमीटर अंतर आहे, म्हणजे दीड ते दोन तास. जाताना एक आणि येताना दुसरा असे तिकीट निघाले तर ते मुद्दाम काढलेले असावे. परतीच्या दिवशी चुकीच्या विमानतळावर पोचलेल्या माणसाला ‘नो शो’ धरतात आणि हातात परत येतात ते फक्त कर आणि शुल्क.

चिपीची गोष्ट वेगळी आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी हा विमानतळ सुरू झाला तेव्हा मुंबईची सेवा ‘उडान’ या लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेखाली अलायन्स एअर चालवत होती. या योजनेत एका तासाच्या उड्डाणाला साधारण अडीच हजार रुपये अशी भाड्याची मर्यादा काही जागांना लागू होते आणि कंपनीची तूट सरकार तीन वर्षे भरून देते. तीन वर्षे संपली की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो. ऐंशीपेक्षा कमी आसनांचे विमान, जून ते सप्टेंबर अनिश्चित हवामान आणि शेजारी मोपासारखा मोठा विमानतळ असताना ते अवघड आहे. मुंबई–चिपी सेवाही २०२४ मध्ये मुदत संपल्यावर थांबली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर फ्लाय९१ या गोव्यातल्या कंपनीने पुणे–चिपी सुरू केली. म्हणून चिपीबद्दल गेल्या वर्षीचे वेळापत्रक, शेजाऱ्याचा सल्ला किंवा जुना लेख यांवर विसंबू नये. तिकीट काढण्याच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर आठवड्यातले कोणते वार आहेत ते बघावे आणि प्रवासाच्या आठवडाभर आधी पुन्हा बघावे.

आता वेळेचा हिशेब. दादरहून मालवणला मोपामार्गे जायचे तर घरून विमानतळ एक तास, उड्डाणापूर्वी दोन तास, विमानाची वेळ सव्वा तास, बॅग हाती येईपर्यंत पाऊण तास आणि मोपा ते मालवण सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, म्हणजे दोन तास. झाले सात तास. दुसरीकडे मुंबई–मडगाव वंदे भारत ही गाडी दादर, ठाणे, पनवेल, खेड, रत्नागिरी, कणकवली, थिवी अशी थांबत जाते. पावसाळा वगळता दादर ते कणकवली सहा तासांच्या आत होते आणि तिथून मालवण आणखी सव्वा तास. म्हणजे मुंबईकराला मालवणसाठी विमान आणि ही गाडी जवळपास बरोबरीत येतात. विमानाचा खरा फायदा वेंगुर्ले, शिरोडा, रेडी या पट्ट्यात, किंवा दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरूहून येणाऱ्याला. पुणेकराला मात्र चिपीचे विमान सोन्यासारखे आहे, कारण पुण्याहून कुडाळला जाणारी सोयीची रेल्वेच नाही आणि रस्त्याने घाट उतरून जायला पूर्ण दिवस मोडतो.

पहिला दिवस: मुंबई, मोपा, कुडाळ

मुंबईत आधी टर्मिनल बघावे. तिकिटावर टी१ असेल तर सांताक्रूझची बाजू, टी२ असेल तर सहारची. दोन्हींच्या धावपट्ट्या सामायिक असल्या तरी इमारती वेगळ्या आहेत आणि एकीकडून दुसरीकडे रस्त्याने जायला रहदारीत अर्धा तास सहज लागतो. कंपन्या आपली उड्डाणे एका टर्मिनलमधून दुसऱ्यात हलवतात, त्यामुळे मागच्या वेळचे टर्मिनल गृहीत धरू नये. भुयारी मेट्रो ३ वर दोन्ही टर्मिनलना स्वतंत्र स्थानके आहेत. दादर, वरळी, गिरगावकडच्यांना आता टॅक्सीपेक्षा ती भरवशाची. फक्त पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग नाही, कारण पहिली गाडी सुटेपर्यंत सामानाची खिडकी बंद व्हायला आलेली असते.

वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांचे ४८ तास आधी उघडते आणि एक तास आधी बंद होते. सामान द्यायची खिडकीही देशांतर्गत उड्डाणाला साधारण ६० मिनिटे आधी बंद होते, गेट २५ मिनिटे आधी. यातली ६० मिनिटांची रेषा लोकांना सर्वात जास्त नडते. बोर्डिंग पास मोबाइलवर असला तरी बॅग द्यायची असेल तर रांगेत उभे राहण्याचा वेळ त्या साठ मिनिटांच्या आधीचा धरावा. चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा वापरत असाल तर ॲपमध्ये बोर्डिंग पास आदल्या रात्रीच जोडून ठेवावा. प्रवेशदारावर नेटवर्क शोधत उभे राहिलात तर साध्या रांगेतला माणूस आधी आत जातो.

सामानाचे सर्वसाधारण गणित: साध्या वर्गात चेक-इनला १५ किलो, हातात ७ किलोची एकच बॅग, जिची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत. लॅपटॉपची किंवा बायकांची छोटी पर्स वेगळी चालते. पॉवर बँक चेक-इन सामानात कधीही टाकायची नाही, ती हातातच. मर्यादा १०० वॅट-तासांची. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक ७४ वॅट-तासांची भरते, म्हणजे चालते. आकडा छापलेला नसेल किंवा घासून गेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.

मुंबईत उशीर का होतो, हे समजून घेतले तर वेळ निवडता येते. या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. शिवाय एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारते आणि सकाळी कुठेतरी गमावलेली वीस मिनिटे संध्याकाळपर्यंत तास-दीड तास होतात. म्हणून कोकणात त्याच दिवशी पुढे गाडी किंवा रेल्वे पकडायची असेल तर सकाळचे पहिले विमान घ्यावे. पावसाळ्याआधी, साधारण मे महिन्यात, धावपट्टीच्या देखभालीसाठी एक दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच विमानतळ बंद असतो. तारीख बरीच आधी जाहीर होते. त्याच्या आगेमागे सुट्ट्यांची गर्दी असते, तेव्हा तो दिवस टाळावा.

मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून चालू झाला. पेडणे तालुक्यातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, तो बसवला आहे. साडेतीन किलोमीटरची धावपट्टी, रात्रंदिवस वाहतूक, लष्करी निर्बंध नाहीत. सिंधुदुर्गकरांना हाच जवळचा: बांदा सुमारे बारा किलोमीटर, सावंतवाडी पंचवीसच्या आसपास. उतरल्यावर पट्ट्यावर बॅग यायला वीस ते पस्तीस मिनिटे धरावीत. बॅगेचे चाक मोडलेले किंवा चेन फाटलेली दिसली तर इमारतीबाहेर पाऊल टाकण्याआधी कंपनीच्या टेबलावर तक्रार नोंदवून तिचा पीआयआर क्रमांक, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्यावा. घरी जाऊन पाठवलेल्या फोटोला फारशी किंमत राहत नाही. देशांतर्गत प्रवासात सामान हरवले, खराब झाले किंवा उशिरा मिळाले तर कंपनीची जबाबदारी २०,००० रुपयांपर्यंतच असते. सोने आणि कॅमेरा हातात का ठेवायचा, ते यावरून कळावे.

मोपाहून पुढची वाट हीच खरी परीक्षा. गोव्यात ओला-उबर चालत नाही. गोवामाइल्सचे टॅक्सी ॲप, विमानतळावरचा प्रीपेड टॅक्सी काउंटर आणि पणजी, म्हापसा, मडगावकडे जाणाऱ्या कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसगाड्या, एवढी साधने आहेत. या बसगाड्या गोव्याच्या आत जातात, सिंधुदुर्गाकडे नाही. कुडाळकडे निघालेल्याने दर विचारताना ‘राज्याबाहेर’ हा शब्द आधी उच्चारावा, कारण परतीचे रिकामे भाडे आणि परवाना त्यात मिळवला जातो आणि बांद्याला पोचल्यावर वाद नको. सावंतवाडी किंवा कुडाळची ओळखीची गाडी आधी ठरवली तर बहुधा स्वस्त पडते. ती बोलावताना विमानाचा क्रमांक चालकाला पाठवावा म्हणजे उशीर झाला तर त्याला स्वतःला दिसतो. पिकअपच्या मार्गिकेत जास्त वेळ थांबू देत नाहीत, म्हणून बॅग हातात आल्यावरच त्याला आत बोलवावे.

विमानतळाचा जोडरस्ता धारगळजवळ राष्ट्रीय महामार्ग ६६ ला मिळतो. तिथून उत्तरेला पत्रादेवीची हद्द ओलांडली की महाराष्ट्र. पुढे इन्सुलीचा तपासणी नाका येतो. गोव्याची दारू महाराष्ट्रात परवान्याशिवाय आणणे गुन्हा आहे आणि या नाक्यावर उत्पादन शुल्क खाते गाड्या खरोखर उघडून बघते. विमानाच्या नियमात पाच लिटर चालते म्हणून रस्त्यावरही चालते, असे नाही. नाका ओलांडला की झाराप–पत्रादेवी बायपास सरळ आणि मोकळा आहे. सावंतवाडी शहर या बायपासवर लागत नाही, तिथे उतरायचे असेल तर चालकाला आधी सांगावे.

दाबोळीला उतरलेले बेंगळुरूकर कुडाळला सर्वात शेवटी पोचतात. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण झुआरी, पणजी, पर्वरी, म्हापसा हा सगळा रहदारीचा पट्टा मध्ये येतो. तीन तास धरावेत, संध्याकाळी त्याहून जास्त. दाबोळी नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नौदलाचे उड्डाण-प्रशिक्षण असल्याने प्रवासी विमाने दुपार ते रात्र या वेळेत दाटतात. धावपट्टीचे आणि तळाचे फोटो काढायला बंदी आहे. ती मनावर घ्यावी. पुण्याच्या लोहगावलाही धावपट्टी हवाई दलाची असल्याने हाच नियम. दक्षिण गोव्यात, काणकोण-मडगावकडे राहणाऱ्याला दाबोळी उत्तम, पण सिंधुदुर्गासाठी दाबोळीचे तिकीट मोपापेक्षा दोन हजारांनी स्वस्त असले तरी ते टॅक्सीत परत जाते.

दुसरा दिवस: चिपीचे छोटे विमान

पुणेकरांचे विमान एटीआर ७२-६००, पंख्यांचे. मोठ्या जेटच्या सवयी इथे काढून ठेवाव्या लागतात. आसने दोन-दोनच्या ओळीत, मधले आसन नाही. चढायचे मागच्या दाराने, शिडीवरून, त्यामुळे शेवटच्या ओळीतला माणूस आधी बसतो आणि आधी उतरतो. डोक्यावरचे कप्पे लहान आहेत. चाकांची कडक ट्रॉली त्यात मावत नाही. ती विमानाच्या पायथ्याशी घेतात आणि मागाहून देतात. म्हणून हातातली बॅग मऊ कापडाची असावी आणि औषधे, पाकीट, चार्जर वेगळ्या पिशवीत.

आवाज पंख्यांच्या रेषेत सर्वात जास्त, म्हणजे पुढच्या भागातल्या ओळींत. मागच्या तिसऱ्या हिश्श्यात बराच कमी. पंख वर असल्यामुळे कोणत्याही खिडकीतून खालचे दिसते, पंखाची आडकाठी नाही, आणि जेटच्या निम्म्या उंचीवरून उडत असल्याने सह्याद्रीचे कडे, धरणांचे पाणी आणि पुढे खाड्यांची वळणे ओळखू येतात. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा घाटमाथ्यावर या विमानाला हलवते. त्यात धोका नाही, पण उलटीची सवय असलेल्याने सकाळचे उड्डाण निवडावे आणि भरल्या पोटी बसू नये.

चिपीचे चांगलेपण म्हणजे लहानपण. विमानातून उतरून बॅगेसह दाराबाहेर यायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. कुडाळ, वेंगुर्ले, मालवण तिन्ही वीस-तीस किलोमीटरच्या टप्प्यात. भोगवे आणि निवतीचे किनारे तर शेजारीच. पण बाहेर गाड्यांची रांग नसते. दिवसातून मोजकी विमाने आली की रिक्षा-टॅक्सीवाले त्या वेळेपुरते येतात, उरलेला वेळ सड्यावर शुकशुकाट. गाडी आदल्या दिवशी ठरवूनच उतरावे. खाण्यापिण्याचीही मोठी सोय धरू नये. पाणी आणि डबा जवळ असू द्यावा, विशेषतः परतीच्या वेळी.

आता जोखमीचे. मोठ्या विमानतळावर आयएलएस ही उपकरण-प्रणाली वैमानिकाला ढगातून धावपट्टीच्या रेषेवर आणून सोडते. तिच्या पहिल्या श्रेणीत २०० फुटांपर्यंत खाली येता येते आणि धावपट्टीवर ५५० मीटर दिसले तरी उतरता येते. अशी प्रणाली नसलेल्या ठिकाणी अटी कितीतरी कडक असतात. निव्वळ नजरेने उडायचे तर साधारण पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. कोकणातल्या सड्यावर जुलैत पावसाची सर आली की पाच किलोमीटर सोडा, पुढची काजूची बाग दिसत नाही. त्यात छोट्या विमानतळाच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असतात. विमान वेळेवर निघाले नाही आणि ती वेळ संपली तर हवा स्वच्छ होऊनही उड्डाण होत नाही. मुंबईत रद्द झालेल्या विमानाच्या मागे त्याच दिवशी दुसरे असते, इथे पुढचे कदाचित दोन दिवसांनी.

म्हणून ऑक्टोबर ते मे चिपी जरूर निवडावे, जून ते सप्टेंबर निवडले तर पर्याय हाताशी ठेवून. गणपतीची अडचण इथेच आहे. चाकरमान्यांची मागणी वर्षात सर्वात जास्त असते तेव्हाच हवामान सर्वात बेभरवशाचे असते. त्या आठवड्यासाठी रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडताच काढावे आणि विमान मोपाचे घ्यावे. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालतात आणि वंदे भारतचे दिवसही कमी होतात, हे त्या हिशेबात धरावे.

तिसरा दिवस: तारकर्ली, आणि पाण्याखालचा नियम

सकाळी मालवण जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ मध्ये पायाभरणी, १६६७ मध्ये पूर्ण, आणि २०२५ पासून जागतिक वारसा यादीत. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

दुपारी बहुतेकांना स्कूबा करायचे असते, आणि विमानाशी त्याचा थेट संबंध आहे, जो होडीवर क्वचितच कुणी सांगतो. पाण्याखाली दाबाने श्वास घेताना शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला हवा. त्याआधी माणूस उंचीवर गेला, तर उघडलेल्या सोड्याच्या बाटलीप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकते. विमानातली हवा समुद्रसपाटीइतक्या दाबाची नसते, ती आठ हजार फुटांपर्यंतच्या डोंगरावर असते तितकी विरळ केलेली असते. पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी काम करणारे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डुबक्यांनंतर किमान १८ तास विमान टाळायला सांगते. तारकर्लीची पर्यटकांसाठीची डुबकी उथळ आणि थोड्या वेळाची असली तरी १२ तासांचा नियम पाळावा. सोपा मार्ग म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी पाण्यात उतरायचेच नाही.

घाटाचेही तेच. ही बंधने दोन हजार फुटांच्या वरच्या उंचीपासून लागू होतात आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर, म्हणजे त्याहून थोडी वर आहे. सकाळी तारकर्लीत डुबकी आणि संध्याकाळी आंबोली चढून बेळगावचे विमान, हा बेत आखू नये. शिवाय सर्दीने कान बंद असतील तर डुबकी आणि उड्डाण दोन्ही टाळणे बरे. बंद कानाचा पडदा विमान उतरताना सर्वात जास्त दुखावतो.

चौथा दिवस: देवगड, आंबे आणि वजनकाटा

एप्रिलअखेर देवगडला जाऊन रिकाम्या हाताने कोण परतेल? पण पेटीचे वजन आधी समजून घ्यावे. मध्यम हापूस सरासरी २५० ग्रॅमचा, म्हणजे डझनाला तीन किलो. चार डझन बारा किलो, वर खोक्याचे दीड, एकूण साडेतेरा. हे १५ किलोत बसते, फक्त कपड्यांची बॅग मग हातात येईल इतकीच हवी. पाच डझनाची पेटी मात्र खोक्यासह सोळा-सतरा किलो भरते आणि काउंटरवर जादा किलोचे पैसे मोजावे लागतात. जादा सामान हवेच असेल तर ते आदल्या दिवशी संकेतस्थळावर घ्यावे, विमानतळावरच्या दरापेक्षा स्वस्त पडते. दोघांचे तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर बहुतेक कंपन्या दोघांचे वजन मिळून मोजतात, पण एक नग फार जड चालत नाही. दोन डझनाची दोन खोकी एका मोठ्या पेटीपेक्षा नेहमी सोयीची.

फळ पूर्ण पिकलेले नेऊ नये. रंग फिरू लागलेले, पण दाबून घट्ट लागणारे घ्यावे, चार-पाच दिवसांत घरी तयार होते. लाकडी पेटी विमानाला नको, तिचे खिळे दुसऱ्याच्या बॅगा फाडतात आणि कंपनी नाकारू शकते. पुठ्ठ्याचे जाड खोके, खाली आणि थरांमध्ये भाताचा पेंढा किंवा कागदाची कात्रणे, देठ वर, हवेची भोके मोकळी ठेवून दोन्ही दिशांनी चिकटपट्टी. वर नाव आणि फोन ठळक लिहावा, कारण मोसमात पट्ट्यावर एकसारखी पन्नास खोकी फिरत असतात.

बाकी कोकणी सामानात एक गोष्ट लोकांना हमखास अडवते: सुके खोबरे. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन सामानात चालत नाहीत आणि क्ष-किरणात दिसल्या की बॅग बाजूला काढली जाते. कोकम आगळ, लोणचे आणि कोणताही पातळ पदार्थ चेक-इनमध्ये, दुहेरी पिशवीत, झाकणावर चिकटपट्टी लावून. लोणच्याची बरणी हातात नेऊ देत नाहीत. काजू, खाजे, आमसुले, कुळथाचे पीठ हातसामानात खुशाल न्यावे. सुकट-बांगडा हवाबंद पिशवीत नसेल तर काउंटरवर वासाने कळतेच, आणि घेणे न घेणे कंपनीच्या हातात असते. कोयता, विळी, अगदी आंबा कापायची छोटी सुरीसुद्धा चेक-इनमध्येच.

देवगडच्या उत्तरेला जाणाऱ्यांसाठी थोडे. राजापूर, रत्नागिरी, गणपतीपुळे, गुहागर या मधल्या पट्ट्याला मोपा आणि चिपी दोन्ही लांब पडतात. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दल वापरते, तिथले प्रवासी विमान धरून बेत आखू नये. बाहेरच्या शहरातून येणाऱ्याला दोन वाटा आहेत. एक, कोल्हापूरला उतरून आंबा घाटाने, सुमारे १३० किलोमीटर. पावसाळ्यात घाटात दरड आहे का ते विचारूनच निघावे. दुसरी, नवी मुंबईचा नवा विमानतळ, जिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुरू झाली. तिथून पनवेल स्थानक जवळ आणि पनवेलला कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या थांबतात. चिपळूण-खेड-रत्नागिरीसाठी ही जोडी सांताक्रूझ-सहारपेक्षा सरळ आहे. विमान आणि रेल्वे यांत किमान साडेतीन तासांचे अंतर ठेवावे. ही दोन वेगळी तिकिटे आहेत. विमान उशिरा आले म्हणून रेल्वे चुकली तर पैसे कुणीही परत देत नाही.

पाचवा दिवस: परतीचे, आणि न सुटणारे विमान

चिपीहून परतताना सकाळी सात वाजता दोन गोष्टी बघाव्या: कंपनीचा संदेश, आणि आपल्याला नेणारे विमान आधीच्या शहरातून निघाले का. ते तिथून उडालेलेच नसेल तर इथे वेळेवर सुटण्याचा प्रश्नच येत नाही आणि सड्यावर जाऊन बसण्यापेक्षा मालवणात नाश्ता करावा. मात्र कंपनीने नवी वेळ कळवेपर्यंत काउंटरची मूळ वेळच खरी धरायची.

नियम काय देतात, हे प्रत्येकाने तोंडपाठ ठेवावे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खाणे-पाणी कंपनीने द्यायचे. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा, निवड प्रवाशाची. उड्डाण वेळेत न कळवता रद्द केले तर परताव्याखेरीज भरपाई लागते: एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या ७,५००, त्यापुढे १०,०००. मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांची बेरीज याहून कमी असेल तर ती कमी रक्कम. जागेपेक्षा जास्त तिकिटे विकून तुम्हाला चढू दिले नाही आणि तासाभरात दुसरे विमान दिले नाही, तर मूळ भाडे व अधिभाराच्या दुप्पट, कमाल १०,०००. चोवीस तासांतही सोय झाली नाही तर चौपट, कमाल २०,०००.

पण कोकणातल्या प्रवाशाने एक कलम लक्षात ठेवावे. खराब हवामान हे कंपनीच्या आवाक्याबाहेरचे कारण मानले जाते आणि त्यात भरपाई नाही. परतावा किंवा दुसरे उड्डाण मात्र तेव्हाही मिळते. म्हणून रद्द होण्याचे कारण लेखी मागावे, संदेशाचे छायाचित्र ठेवावे. मुंबई-पुण्यात आकाश निरभ्र आणि इथेही ऊन असताना ‘हवामान’ लिहून आले तर तेच पुराव्याचे काम करते. कंपनीकडे दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा संकेतस्थळावर पीएनआर आणि कागद जोडून तक्रार करता येते.

आणि विमान रद्द झालेच तर चिपीच्या दारात वाट बघत बसू नये. पुढचे उड्डाण कधी हे काउंटरवर विचारावे. ते दुसऱ्या दिवसापलीकडे असेल तर परतावा घेऊन लगेच निघावे. मुंबईकराला कुडाळ स्थानक तासाभराच्या आत आहे आणि रात्रीची कोकणकन्या तिथे थांबते. तत्काळ कोटा आदल्या दिवशी उघडतो, त्यामुळे त्याच दिवशी वातानुकूलित वर्गात जागा मिळणे अवघड, पण आरक्षण-तक्ता लागल्यावर सुटलेल्या जागा आयआरसीटीसीवर दिसतात, त्या बघत राहाव्यात. पुणेकराने मोपाहून पुण्याचे विमान बघावे. चिपी ते मोपा दीड-दोन तास, म्हणजे दुपारी चारनंतरचे कोणतेही उड्डाण गाठता येते. आंब्याची खोकी असतील तर ती उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत न ठेवता आतल्या थंड हवेत ठेवावीत.